उशीर पत्करावा, वादळ नव्हे

मृगापूर्वीचा वळीव कोकणपट्टीला नवा नाही. दुपारनंतर आभाळ एकाएकी काळवंडते, वारा माडांना झोडपून काढतो आणि घटकाभरात सारे शांत होते. जमिनीवरचा माणूस आडोसा शोधतो. पण त्याच घटकेला दाबोळीवर अथवा मोपच्या पठारावर उतरू पाहणाऱ्या विमानाला आडोसा कुठला?

गडगडाटी ढगातून कधी कधी थंड हवेचा लोट वेगाने खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चोहोबाजूंना पसरतो. त्याचा विस्तार ४ किलोमीटरांहून कमी, आयुष्य काही मिनिटांचे. उतरणाऱ्या विमानाला प्रथम समोरून वारा मिळतो व ते उचलले जाते; म्हणून वैमानिकाला इंजिनाचा जोर कमी करण्याचा मोह होतो. लगेच तो लोट विमानाला खाली दाबतो आणि पाठोपाठ वारा मागून येतो. वेगही जातो, उंचीही जाते. आधी हात देणारा वाराच असा घात करतो.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे याच रीतीने ११३ जीव गेले. काही मिनिटे आधी एका वैमानिकाने उतरण्याचा बेत सोडून वाऱ्याविषयी सावध केले होते, तरीही पुढची विमाने येतच राहिली. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे १३७ जण दगावले. त्यानंतर डॉप्लर रडार आले, विमानांत इशारा देणारी यंत्रे बसली.

परंतु यंत्र इशारा देते, निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे कारण निराळे होते. तेथे पाऊस आणि पाठीमागचा वारा होता. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्यांदा उतरताना विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती; ती मानली गेली नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ जण प्राणांस मुकले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, माघारी फिरलेल्या वैमानिकाला कोणत्याही कंपनीने जाब विचारू नये आणि दोन तासांच्या विलंबासाठी प्रवाशांनीही त्रागा करू नये. दर्या खवळलेला पाहून होडी न लोटणाऱ्या खारव्याला आपण भित्रा म्हणत नाही, जाणता म्हणतो. तोच मान आकाशातल्या तांडेलालाही मिळाला पाहिजे.