चाळीसगावचा टांगा आणि आजचे संशोधन : आकडेही मोजा, माणसांनाही विचारा

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. अध्यक्षांच्या नावावरून ही समिती ‘स्टार्ट समिती’ म्हणून ओळखली जाते. धुळे रेल्वेमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर परतले. लोकांनी हार घालून स्वागत केले. वस्ती सुमारे दोन मैलांवर होती आणि स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे भरपूर उभे होते. तरीही बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. शेवटी एक टांगा आला, पण नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला. बाबासाहेब दगडावर आपटून बेशुद्ध झाले आणि त्यांचा पाय मोडला.

असे का घडले, हे त्यांना चौकशी केल्यावर कळले. अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली : टांगा मालकाचा, पण हाकणारा वस्तीतला. त्या बिचाऱ्याला टांगा हाकण्याची सवयच नव्हती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण अपमानाची आठवण म्हणून वाचतो. सामाजिक शास्त्रांत संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो संशोधनाचा धडा म्हणूनही वाचावा.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

समजा, त्या दिवशी एखादा संशोधक नुसती वही घेऊन स्टेशनबाहेर उभा असता. टांगे किती? पुष्कळ. वस्ती किती लांब? दोन मैल. प्रवाशाला टांगा मिळाला का? मिळाला. तक्त्यात ‘वाहतुकीची सोय उपलब्ध’ अशी नोंद झाली असती. एकही आकडा खोटा नसता आणि जातीचा उल्लेखही आला नसता.

उलट, नुसती हकिगत सांगितली तर समोरचा म्हणतो, ‘हा अपवाद असेल.’ एका स्टेशनवरचा एक प्रसंग सगळ्या जिल्ह्याचे चित्र कसे ठरेल? प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर द्यायला मोजणीच लागते.

म्हणून समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य या विषयांत आज ‘मिश्र संशोधन पद्धती’ शिकवली जाते. प्रश्नावली, सर्वेक्षण, जनगणनेचे आकडे ही झाली संख्यात्मक बाजू. मुलाखत, गटचर्चा, निरीक्षण, जुनी कागदपत्रे ही गुणात्मक बाजू. पहिली ‘किती’ सांगते, दुसरी ‘का’ आणि ‘कसे’ सांगते.

आपल्या काळातले उदाहरण

प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो फक्त आडनावाचा. दलित आडनाव असलेल्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. भेदभाव होतो, हे आकड्याने दाखवले. पण तो करणाऱ्याच्या मनात काय चालते, हे आकड्याला कसे कळणार? म्हणून सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अधिकारी बोलत होते गुणवत्तेची भाषा, पण उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र बारकाईने पाहत होते. हे दोन्ही अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाले. एकटा आकडा किंवा एकटी मुलाखत सहज नाकारता आली असती. दोन्ही एकत्र आल्यावर ते अवघड झाले.

पद्धती जोडायच्या कशा?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली जळगावात स्थापन झाले. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना पीएच.डी.साठी पुण्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. या मुलांना उपयोगी पडतील असे तीन मार्ग आहेत.

पहिला, आधी आकडे, मग माणसे. सर्वेक्षणात जे अनपेक्षित निघाले, तेवढ्याचाच शोध मुलाखतींतून घ्यायचा.

दुसरा, आधी माणसे, मग आकडे. दहावीनंतर मुली शाळा का सोडतात, यावर प्रश्नावली करायची आहे. आधी दहा घरी जाऊन बसा. आपण फीबद्दल विचारणार असतो आणि आई सांगते की एसटीची वेळच जुळत नाही. मग प्रश्नावलीत एसटीचा प्रश्न घालता येतो.

तिसरा, दोन्ही एकाच वेळी करून निष्कर्ष शेजारी ठेवायचे.

पण चौथ्या प्रकरणात तक्ते, पाचव्यात मुलाखती आणि दोघांची भेटच नाही, याला मिश्र पद्धती म्हणत नाहीत. दोन्ही एकमेकांशी बोलले पाहिजेत. जिथे ते जुळत नाहीत तो भाग लपवू नका, खरे संशोधन तिथूनच सुरू होते.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मजुराला शेतमालकाच्या ओट्यावर बसवून ‘भेदभाव होतो का?’ असे विचारले, तर तो काय सांगेल? उद्याची मजुरी त्याच हातून घ्यायची आहे. १९३० साली स्टार्ट समितीनेही हेच नोंदवले होते : दलित वर्ग पोटासाठी ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांच्याच हाती बहिष्काराचे शस्त्र आहे. शंभरातल्या नव्वदांनी ‘नाही’ म्हटले, तर तो आकडा भेदभाव नसल्याचा की भीतीचा, हे वस्तीत संध्याकाळी निवांत बसल्यावरच कळेल.

आणखी एक जबाबदारी. नुसते नाव गाळून ओळख लपत नाही. ‘गावातील एकमेव बौद्ध शिक्षिका’ असे लिहिले की सगळ्या गावाला ती कळते. प्रबंध लिहून आपण निघून जातो, तिला तिथेच राहायचे असते.

आपल्या मुलांना अनेकदा ऐकवले जाते की तुमचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. अनुभव ही पुराव्याची सुरुवात असते. ती मोजणीने भक्कम करा आणि मोजणी माणसांकडून तपासून घ्या. मोडलेल्या पायाचे कारण नशिबावर न सोपवता बाबासाहेबांनी विचारून घेतले, म्हणून चाळीसगावचा तो अपघात नुसता अपघात राहिला नाही.