घरचा सोडा खरोखरच स्वस्त पडतो का?

उन्हाळ्याची चाहूल लागली की शहरांतील घरांत लिंबू, कोकम आणि कैरीच्या जोडीला सोड्याच्या बाटल्याही येऊ लागतात. अलीकडे अनेक स्वयंपाकघरांत घरच्या घरी सोडा तयार करणारे यंत्रही दाखल झाले आहे. यंत्र एकदा घेतले की सोडा जवळजवळ फुकट, असे विक्रेते सांगतात. हा दावा पूर्णपणे खोटा नाही. पण तो प्रत्येक घराला लागू पडतो असेही नाही.

सोडा म्हणजे पाणी आणि त्यात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्स येथील मद्याच्या कारखान्यात आंबवणाच्या पिंपावर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि १७७२ मध्ये ही कृती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. कृती आजही मूलतः तीच आहे. पाणी आणि वायू दोन्ही स्वस्त असल्याने दुकानातील बाटलीच्या किमतीचा मोठा भाग बाटली, वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि जाहिरात यांवर खर्च होतो. घरी सोडा केल्यास हा खर्च टळतो. मात्र त्याच्या जागी यंत्राची किंमत आणि लहान सिलिंडरमधील महाग वायू येतो.

आकडे काय सांगतात?

चांगल्या फसफसणाऱ्या सोड्यात लिटरला साधारण ७ ग्रॅम वायू असतो. घरगुती यंत्रात दाब सोडताना काही वायू वाया जातो. म्हणून प्रत्यक्षात लिटरमागे १० ग्रॅम धरणे व्यवहार्य ठरेल. या हिशेबाने ४०० ग्रॅमच्या सिलिंडरमधून ४० लिटर सोडा निघतो. जाहिरातींतील ६० लिटरचा आकडा गाठायचा, तर लिटरला ७ ग्रॅमपेक्षाही कमी वायूवर भागवावे लागेल.

उदाहरणादाखल सिलिंडर भरून घेण्याचा खर्च ६०० रुपये, यंत्राची किंमत ६,००० रुपये आणि त्याचे आयुष्य पाच वर्षे धरू. दुकानातील ७५० मिलिलिटरची बाटली २० रुपयांना मिळते असे मानले, तर बाजारचा सोडा लिटरला सुमारे २६ रुपये ७० पैशांना पडतो. घरच्या सोड्यात वायूचे १५ रुपये ठरलेले आहेत. यंत्राचा वाटा मात्र वापराप्रमाणे बदलतो. आठवड्याला एकच लिटर सोडा लागत असेल, तर तो लिटरला ३८ रुपयांवर जातो, म्हणजे बाजारापेक्षा महाग. आठवड्याला दोन लिटर लागत असतील, तर खर्च साडेसव्वीस रुपयांच्या आसपास येऊन बरोबरी होते. रोज एक लिटर लागणाऱ्या घरात तो सव्वाअठरा रुपयांपर्यंत उतरतो आणि वर्षाला सुमारे तीन हजार रुपये वाचतात. आपल्या भागातील दर या हिशेबात घालून प्रत्येकाला स्वतःचे उत्तर काढता येईल.

सोडा सायफनचे गणित आणखी वेगळे आहे. त्यात एका लिटरसाठी ८ ग्रॅम वायूचे एक कार्ट्रिज लागते आणि ते एकदाच वापरता येते. कार्ट्रिज ४० रुपयांना पडत असेल, तर सायफनचा सोडा हौसेचाच म्हणावा लागेल. उलट, दुकानातील मोठी बाटली उघडल्यावर उरलेला सोडा निवून फेकला जात असेल, तर तीही दिसते तितकी स्वस्त नसते. निम्मी बाटली वाया गेली की प्यालेल्या सोड्याचा भाव दुप्पट होतो.

खाण्याच्या सोड्याचा मोह नको

लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा घालून फेस आणण्याचा उपाय सर्वांत स्वस्त वाटतो. परंतु एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून जेमतेम अर्धा ग्रॅम वायू मिळतो. एका लिटरला ७ ग्रॅम वायू हवा असेल, तर १३ ग्रॅमहून अधिक सोडा घालावा लागेल आणि त्याबरोबर साडेतीन ग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियमची शिफारस केली आहे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर या मार्गाला न जाणेच बरे.

खरी बचत कोठे?

साध्या सोड्याऐवजी गोड शीतपेयाशी तुलना केली की चित्र पालटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर किंवा स्वाद न घातलेल्या सोड्यावर ५ टक्के, तर गोड वा स्वादयुक्त सोडापेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. म्हणजे २० रुपयांच्या साध्या सोड्यात कराचा वाटा एक रुपयाहून कमी, तर २० रुपयांच्या गोड पेयात तो ५ रुपये ७० पैशांच्या घरात जातो.

२५० मिलिलिटरचे गोड पेय २० रुपयांना मिळत असेल, तर लिटरचा भाव ८० रुपये होतो. घरी तेवढ्याच ग्लासात पावणेसात रुपयांचा विकतचा सोडा, अर्धे लिंबू आणि दोन चमचे साखर घातली, तर खर्च दहा रुपयांच्या आसपास राहतो. कोकमाचे सरबतही असेच करता येते. ही बचत साधायला यंत्राची गरजच नाही. शिवाय साखर आपल्या हाती राहते. बाजारच्या अनेक कोला पेयांत १०० मिलिलिटरला १० ग्रॅमहून अधिक साखर असते.

यंत्र घेतलेच, तर पाणी आधी चांगले गार करावे. शून्य अंशाजवळच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दुप्पट वायू विरघळतो, त्यामुळे सिलिंडर अधिक काळ पुरतो.

मात्र काटकसरीपायी मोठ्या औद्योगिक सिलिंडरमधून लहान सिलिंडर घरी भरण्याचे धाडस करू नये. या सिलिंडरमध्ये २० अंशांनाच वातावरणाच्या पन्नासपटींहून अधिक दाब असतो. प्रमाणाबाहेर भरलेल्या सिलिंडरमधील दाब विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात झपाट्याने वाढून धोकादायक ठरू शकतो. औद्योगिक वायू खाद्यपेयांसाठी पुरेसा शुद्ध असेलच असेही नाही. सिलिंडर अधिकृत केंद्रातूनच भरून घ्यावा आणि तो उन्हापासून व शेगडीपासून दूर ठेवावा.

तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी महिनाभर घरात येणाऱ्या सोड्याच्या बाटल्या मोजून पाहाव्यात. आठवड्याला तीन-चार लिटर सोडा संपत असेल, तर यंत्राचा विचार जरूर करावा. त्याहून कमी लागत असेल, तर दुकानातील साधा सोडा आणि घरचे लिंबू हीच जोडी खिशाला परवडणारी आहे.