फुटबॉल पाहताना (भाग ७) : डब्यातली लीग

आतापर्यंतच्या सहा भागांत आपण फुटबॉल प्रेक्षकाच्या जागेवरून पाहिला. कोण कुठे उभा राहतो, ऑफसाइड केव्हा होतं, गुणतक्ता कसा वाचायचा, एवढं आता आपल्याला कळतं. या आठवड्यात संघ निवडायचा आहे आणि तो तुम्हीच निवडायचा आहे.

फॅन्टसी फुटबॉलची कल्पना सोपी आहे. खऱ्या लीगमधले खरे खेळाडू घेऊन तुम्ही आपला एक संघ कागदावर, म्हणजे आता मोबाइलवर, मांडायचा. ते खेळाडू शनिवार-रविवारी आपापल्या क्लबकडून खेळतात. कोणी गोल केला, कोणी गोल वाचवला, कोणाला कार्ड मिळालं, त्याप्रमाणे तुमच्या संघाला गुण मिळतात. याचे अनेक प्रकार जगभर चालतात. नव्या माणसाने मात्र इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं नाव फॅन्टसी प्रीमियर लीग, बोलण्यात एफपीएल. २००२-०३च्या हंगामापासून तो चालू आहे, खेळायला एक पैसा लागत नाही आणि अलीकडच्या हंगामांत जगभरातून एक कोटीहून जास्त लोक त्यात उतरतात. बुद्धिबळाचा तेव्हाचा विश्वविजेता मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९मध्ये काही काळ या सगळ्यांत पहिल्या क्रमांकावर होता, यावरून खेळात डोक्याला किती काम आहे ते समजावं.

पण कोट्यवधींच्या यादीत आपला नंबर शोधण्यात फारशी मजा नाही. मजा आहे ती ओळखीच्या आठ-दहा जणांत. हा खेळ जन्मलाच तसा. १९६२ साली अमेरिकेतल्या ओकलंड रेडर्स या क्लबचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघासोबत दौऱ्यावर असताना काही मित्रांबरोबर न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसले आणि त्यांनी या खेळाचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ओकलंडमधल्या त्यांच्या घरी आठ संघांची पहिली निवड झाली. तो अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. आपल्या फुटबॉलमध्ये ही कल्पना इटलीत रुजवली ती मिलानच्या रिकार्दो अल्बिनी यांनी, १९९०च्या सुमारास. तिथे आजही मित्रमंडळी हंगामाच्या सुरुवातीला एकत्र बसून खेळाडूंचा लिलाव करतात आणि गुण काढताना वर्तमानपत्रांनी प्रत्येक खेळाडूला दिलेले मार्क धरतात. ओकलंडचं घर असो की मिलानमधली बैठक, दोन्हीकडे एकमेकांना रोज भेटणारी माणसं होती आणि एक वही होती.

असं मंडळ जमवायला डोंबिवलीकराला कुठे जावं लागत नाही. ते रोज सकाळी त्याच फास्ट लोकलच्या त्याच डब्यात त्याच्यासाठी चौथी सीट राखून असतं. दसऱ्याला डबा सजवून पूजा करणारे, भजनं म्हणणारे, एकमेकांच्या मुलांचे दहावीचे मार्क तोंडपाठ असणारे हे ग्रुप सीएसएमटीपर्यंतच्या तासा-सव्वा तासात रोज काही ना काही बोलतच असतात. डोंबिवली तशी क्रिकेटची. अजिंक्य रहाणे इथल्याच शाळेत शिकला, त्यामुळे गप्पांचा कल कुठे असतो ते सांगायला नको. पण ऑगस्ट ते मे, असे सलग नऊ-दहा महिने, दर आठवड्याला बोलायला नवा विषय देणारी गोष्ट क्रिकेटमध्येही नाही. एफपीएलमध्ये हंगाम ३८ आठवड्यांचा असतो आणि त्यात स्वतःची खासगी लीग काढता येते. एकाने लीग काढायची, मिळालेला कोड ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी तो भरायचा. एवढंच.

आता संघ. तुमच्याकडे शंभर असतात (दशलक्ष पौंड, अर्थात काल्पनिक). त्यात १५ खेळाडू बसवायचे: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले, ३ आघाडीचे. एका क्लबचे तीनच. यातले ११ दर आठवड्याला खेळवायचे, चार बेंचवर. मोठी नावं महाग असतात. २०२५-२६च्या सुरुवातीला मोहम्मद सालाह साडेचौदाला होता आणि अर्लिंग हालांड चौदाला. दोघांना घेतलं तर उरलेल्या तेरा जणांसाठी साडेएकाहत्तर उरतात. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत एक डबा साजूक तूप घालायचं ठरवलं की बाकीच्या ओळी जशा पुन्हा तपासाव्या लागतात, तसं हे होतं. नवा माणूस पहिल्यांदा पाच-सहा मोठी नावं घेतो आणि मग बेंच भरायला कोणीही चालेल म्हणतो. तसं करू नका. स्वस्तातला, पण दर आठवड्याला नक्की मैदानात उतरणारा खेळाडू शोधणं हेच या खेळातलं खरं कसब. साठ मिनिटं खेळला की दोन गुण पक्के, त्याहून कमी खेळला की एक, बेंचवर बसून राहिला तर शून्य.

गुणांचा हिशोब जरा सावकाश समजून घ्या, कारण सगळं मर्म त्यात आहे. गोलला मिळणारे गुण जागेप्रमाणे बदलतात. आघाडीच्या खेळाडूला ४, मधल्या फळीतल्याला ५, बचावपटूला ६. गोलसाठी अखेरचा पास दिला तर ३. क्लबवर एकही गोल झाला नाही तर बचावपटू आणि गोलरक्षकाला ४, मधल्या फळीतल्याला १. पिवळं कार्ड उणे एक, लाल उणे तीन. सालाह खरा हल्ला करणारा, पण खेळाच्या यादीत तो मधल्या फळीत मोडतो. म्हणून त्याचा प्रत्येक गोल पाचाचा. २०२४-२५मध्ये त्याने २९ गोल केले, १८ गोलना हातभार लावला आणि एकूण ३४४ गुणांचा विक्रम केला. आता दुसरी बाजू पाहा. २०२५-२६पासून नवा नियम आला आहे: बचावपटूने एका सामन्यात चेंडू दूर मारणं, अडवणं, पास मधेच तोडणं, टॅकल करणं असं मिळून दहा वेळा केलं तर त्याला आणखी दोन गुण. म्हणजे पूर्ण सामना खेळलेला, गोल होऊ न दिलेला, दहा वेळा संकट टाळलेला सेंटर-बॅक आठ गुण घेतो. त्याच दिवशी एक गोल करणाऱ्या स्ट्रायकरला मिळतात सहा. वर सामन्यातल्या उत्तम तिघांना तीन, दोन, एक असे बोनस गुण असतात ते वेगळे.

मला हा खेळ प्रिय आहे तो यासाठी. टीव्हीवर सामना पाहताना कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि आपली नजर कॅमेऱ्याच्या मागे. गोल झाला की उठून बसायचं, नाही तर मोबाइल पाहायचा. पण संघात एखाद्या मधल्या क्लबचा सेंटर-बॅक असला की तुम्ही कॉर्नरच्या वेळी चेंडूकडे न पाहता त्याच्याकडे पाहता. तो कोणाला धरून उभा आहे, कधी पुढे सरकतो, शेजारच्याला हाताने काय खुणावतो, हे दिसायला लागतं. ब्रेंटफर्ड विरुद्ध बोर्नमथ हा सामना एरवी कोणी डोंबिवलीत बसून पाहिला नसता. आता तो पाहिला जातो, आणि पाहिल्यावर कळतं की वरच्या चार क्लबांपलीकडेही किती चांगला फुटबॉल चालू आहे.

प्रीमियर लीगच्या खेळाडूंतली काही मुलं आपल्या देशात खेळून गेली आहेत. २०१७चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याचा एक उपांत्य सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता, ठाण्याला गाडी बदलली की पोहोचता येईल इतक्या अंतरावर. स्पेनने मालीला ३-१ हरवलं. मग कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असं हरवलं. त्यात गोल करणाऱ्यांत फिल फोडन होता, मॉर्गन गिब्ज-व्हाइट होता आणि मार्क गेही नावाचा एक सेंटर-बॅकही. फोडन पुढे २०२३-२४चा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गेही २०२५मध्ये क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार म्हणून एफए कप उचलताना दिसला. फॅन्टसीच्या यादीत ही नावं पाहताना मला दरवेळी वाटतं, २०१७च्या त्या ऑक्टोबरात आपल्याकडच्या किती मुलांनी यांना जवळून पाहिलं असेल.

आठवड्याचं काम थोडंच असतं. एक बदल फुकट, त्यावरच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात. न वापरलेले बदल पाचांपर्यंत साठवता येतात, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साठवावेतच. एका सामन्यात गोल केलेल्या माणसामागे सोमवारी सगळे धावतात. त्याने तो गोल कोणाविरुद्ध केला आणि पुढचे चार सामने कोणाशी आहेत, हे आधी पाहा. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट होतात. तो उतरलाच नाही तर व्हाइस कॅप्टनचे होतात. कॅप्टन निवडताना धाडस करू नये असं मी म्हणेन. धाडस अकराव्या जागेवर करावं. वाइल्डकार्डसारखे काही खास पत्तेही हातात असतात, पण त्यांच्यासाठी वेगळा भाग लागेल.

वेळेचं मात्र नीट सांभाळा. पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघ बंद होतो. शनिवारचा पहिला सामना तिकडे बहुधा दुपारी साडेबाराचा. ऑक्टोबरअखेरपर्यंत तो आपल्याकडे संध्याकाळी पाचला येतो, तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की सहाला. म्हणजे संघ साडेतीन किंवा साडेचारच्या आत लावायचा. शुक्रवारी रात्री सामना असेल तर हीच वेळ शुक्रवारी रात्री अकरा, थंडीत बारा. शुक्रवारच्या परतीच्या गाडीत, ठाणं गेल्यावर जरा उभं राहायला जागा झाली की संघ लावून टाकावा, हे उत्तम.

आता पैशाबद्दल. आपल्याकडे फॅन्टसी म्हटलं की अनेकांना पैसे लावणं आठवतं, आणि त्याला कारण आहे. २००८मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी सुरू केलेली ड्रीम११ ही फॅन्टसी खेळाची कंपनी देशभर पोहोचली. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचा खेळ नशिबाचा नसून कौशल्याचा आहे असं म्हटलं. पण ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. ड्रीम११नेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तोवर अनेक घरांतला पगार त्यात गेला होता, आणि हा कायदा झाला ते बरं झालं असं मी मनापासून म्हणतो. एका रात्रीच्या सामन्यावर पैसे लावणारा फुटबॉल पाहत नाही, तो आपले पैसे पाहतो. एका रात्रीत नशीब कोणालाही हसवतं, कोणालाही रडवतं. ३८ आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो आणि कोण किती नीट पाहत होता हे गुणतक्त्यात उतरतं. म्हणून डब्यातल्या लीगलाही वर्गणी काढून बक्षीस ठेवू नका. मे महिन्यात शेवटच्याने सगळ्यांना वडापाव दिला तर पुरे.

हंगाम अर्ध्यावर आला असेल तरी थांबायचं कारण नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला त्याच्या पहिल्या डेडलाइनपर्यंत हवे तितके बदल करता येतात, आणि खासगी लीग काढताना ती कुठल्या आठवड्यापासून मोजायची ते ठरवता येतं. म्हणजे सगळे शून्यावरून एकत्र निघतील. या शनिवारपर्यंत पंधरा नावं लिहून ठेवा, प्रत्येकासमोर पुढचे पाच सामने लिहा. पुढच्या भागात तोच कागद पुढ्यात घेऊन बसू: सोपा सामना आणि अवघड सामना ओळखायचा कसा, आणि घरच्या मैदानाला किती किंमत द्यायची.