मापांचे पाठांतर आणि मापांची ओळख

शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, हजार ग्रॅम म्हणजे एक किलोग्रॅम, ही कोष्टके चौथीतील विद्यार्थी न अडखळता म्हणून दाखवितो. त्याच विद्यार्थ्यास वर्गाच्या दाराची उंची किती मीटर असेल, असे विचारले तर तो पुष्कळदा गोंधळतो आणि सात, दहा असे काही तरी उत्तर देतो. मात्र वडिलांची उंची साडेपाच फूट आहे, शेत दोन एकर आहे, धाकट्या बहिणीला काल एकशे दोन ताप होता, हे त्याला नेमके ठाऊक असते. शाळेतील मापे त्याला पाठ आहेत आणि घरातील मापे त्याच्या ओळखीची आहेत. या दोहोंमधील अंतर कसे कमी करावे, हा प्राथमिक शिक्षकापुढील प्रश्न आहे.

मापे कशी बदलली

वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा भारतात १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात येऊ लागली आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांचा वापर सक्तीचा झाला. १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेला २००९ चा वैध मापन अधिनियमही याच पद्धतीवर उभा आहे.

तथापि सर्व मापे सारखी रुळली नाहीत. वाण्याच्या तराजूतून शेर, अच्छेर आणि पावशेर लवकर गेले. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा होता. तो किलोला इतका जवळचा होता की शेराच्या जागी किलो आणि पावशेराच्या जागी पाव किलो सहज बसला. छत्तीस इंची गज जाऊन कापडाच्या दुकानात मीटरची पट्टी आली. याउलट गवंडी आजही फूट आणि सूत बोलतो, वाळू ब्रासमध्ये येते, नळ अर्धा इंची असतो. मनुष्याची उंची फुटांत सांगितली जाते आणि घरगुती ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जेथे हातातील साधन बदलले, तेथे माप लवकर बदलले. दुकानदाराची वजने आणि कापडाची पट्टी बदलली, म्हणून गिऱ्हाइकाचा अंदाजही बदलला. जेथे केवळ कागदावरील कोष्टक बदलले, तेथे जुने माप टिकून राहिले. शाळेतही हेच घडते. फळ्यावरील कोष्टकाने माप शिकता येत नाही. ते हाताने व डोळ्याने शिकावे लागते.

अपुऱ्या ओळखीने होणारे नुकसान

हा प्रश्न केवळ गणिताच्या गुणांचा नाही. गावातील सर्वांत मोठा व्यवहार जमिनीचा असतो. जुन्या सातबारा उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे. आजच्या उताऱ्यावर ते हेक्टर, आर व चौरस मीटरमध्ये असते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, तर शंभर आरांचा एक हेक्टर. जुन्या कागदावर ‘१.२०’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. तेच आकडे नव्या उताऱ्यावर असतील तर अर्थ एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. आकडे तेच असूनही क्षेत्र सुमारे दुप्पट होते. वाटणीच्या वेळी दोन भावांपैकी एकाने जुना कागद आणि दुसऱ्याने नवा कागद वाचला, तर भांडणास वेगळे कारण लागत नाही.

गावात ‘आर म्हणजेच गुंठा’ असेही सर्रास म्हटले जाते. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागेचा गुंठा होतो. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागेचा आर होतो. बाजूत जेमतेम सहा सेंटिमीटरांचा फरक पडतो. अंदाजासाठी ही समजूत उपयोगी आहे. परंतु एकरभर जमिनीत तो फरक सुमारे सत्तेचाळीस चौरस मीटरांचा, म्हणजे एका लहान घराच्या जागेएवढा होतो. केव्हा अंदाज पुरेसा आहे आणि केव्हा नेमके माप हवे, हे कळणे हाही मापनाचाच भाग आहे.

आरोग्याच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. एकशे दोन अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ३८.९ अंश सेल्सिअस. तापमापकावर ३९ हा आकडा पाहून ‘ताप काहीच नाही’ असे समजणारी आई निष्काळजी नसते. तिला त्या आकड्याची ओळख कोणी करून दिलेली नसते. औषधाच्या बाटलीवर पाच मिलिलिटर लिहिलेले असते आणि घरातील चमचे लहानमोठे असतात. कीटकनाशकाच्या वेष्टनावर प्रमाण मिलिलिटरमध्ये असते, फवारणी मात्र ‘पंपाला एक झाकण’ या हिशेबाने होते.

सुशिक्षित व अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत. १९८३ साली, कॅनडा दशमान पद्धतीकडे वळत असताना, एका प्रवासी विमानाच्या इंधनाचा हिशेब किलोग्रॅमऐवजी पौंडांच्या गुणकाने केला गेला. एक किलोग्रॅम सुमारे २.२ पौंडांचा असल्यामुळे आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले आणि आकाशातच त्याची इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले, म्हणून प्रवासी बचावले. त्या हिशेबातील गुणाकार चुकलेला नव्हता. चुकले होते ते एकक.

वर्गात काय करता येईल

यासाठी खर्चिक साहित्याची आवश्यकता नाही. पुढील उपक्रम कोणत्याही शाळेत करता येण्यासारखे आहेत.

१. प्रत्येक मुलाने आपली वीत, हात व पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावे. आपली वीत सोळा सेंटिमीटरची आहे हे ज्याला माहीत आहे, त्याच्याजवळ मोजपट्टी सदैव असते. मुले वाढत असल्याने ही मापे दर सहामाहीस पुन्हा घ्यावीत.

२. शाळेच्या पटांगणावर दोरी व फक्की यांच्या साहाय्याने दहा मीटर बाजूचा चौरस आखावा. तो एक आर. मुलांनी त्याच्या कडेने चालावे. असे शंभर चौरस मिळून एक हेक्टर होतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

३. एक लिटर पाणी तराजूत घालून त्याचे वजन एक किलोग्रॅम भरते, हे दाखवावे. भांड्याचे वजन आधी वजा करण्यास विसरू नये.

४. घरी चिपटे, मापटे किंवा शेर असल्यास मुलांनी तो शाळेत आणावा आणि त्यात किती मिलिलिटर पाणी मावते ते मोजावे. निरनिराळ्या घरांतील माप एकच भरते की नाही, हे मुलांनीच पडताळावे. सर्वांसाठी एकच प्रमाण का असावे, याचे उत्तर त्यांना त्यातूनच मिळेल.

५. प्रत्येक मोजणीपूर्वी अंदाज लिहून घ्यावा आणि नंतर मोजावे. अंदाज चुकल्याबद्दल मुलास हसू नये. दहाव्या खेपेस तो किती जवळ आला, हे त्याला दाखवावे.

मोठ्या वर्गांत सातबारा उताऱ्याचा नमुना फळ्यावर लिहून त्याचे वाचन अवश्य करावे. अनेक घरांत तो उतारा वाचणारी पहिली व्यक्ती शाळेतील मूलच असते.

जुन्या मापांविषयी

दशमान पद्धतीचा आग्रह धरताना जुन्या मापांची हेटाळणी होऊ नये. आजोबा एकर-गुंठे बोलतात म्हणून ते अडाणी ठरत नाहीत. ‘तोळामासा प्रकृती’, ‘सोळा आणे खरे’, ‘खंडीभर कामे’ हे शब्दप्रयोग भाषेत आहेत आणि राहावेत. त्यांच्या अर्थासाठी बारा माशांचा तोळा आणि वीस मणांची खंडी मुलांना माहीत असणे इष्टच आहे. मात्र भाषेतील माप आणि व्यवहारातील माप यांत मुलाने फरक करावा. सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम समजतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीचे पाच तोळे आणि आजचे पाच तोळे यांत आठ ग्रॅमांहून अधिक सोन्याचा फरक आहे.

शेवटी एकच सवय लावावयाची आहे. वहीत, फळ्यावर अथवा तोंडी उत्तरात एककावाचून आकडा स्वीकारू नये. ‘पाच’ असे उत्तर आले की ‘पाच काय?’ असे शांतपणे विचारावे. वर्षभर हा प्रश्न ऐकलेले मूल उद्या सातबाऱ्यापुढे, औषधाच्या बाटलीपुढे आणि तराजूपुढे तोच प्रश्न स्वतःला विचारील.