उपळसरीची बाटली

वैशाखाच्या उन्हाने रस्ते ओस पडू लागले, की इंदूरच्या अन्नपूर्णा भागातील आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. माठात वाळ्याची जुडी पडते आणि फडताळातला चिनीमातीचा जुना सट खाली उतरतो. त्या सटात उपळसरीची मुळे भिजत घालण्याची रीत आमच्या आजेसासूबाईंपासूनची. 1959 साली येथे अन्नपूर्णेचे मंदिर उभे राहिले. हा सट त्याच्याही आधीचा, असे घरात सांगतात.

उपळसरी म्हणजेच अनंतमूळ, वैद्यकग्रंथांतील सारिवा. झुडपांना वेढे घालीत जाणारी ही बारीक वेल. पान खुडले की दुधासारखा चीक येतो. सारे वैभव मात्र मुळात. त्याचा गोडसर वास व्हॅनिलाची आठवण करून देतो आणि ते साहजिकच आहे. कारण दोन्हींतील सुगंधी द्रव्ये रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे होत.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या जावेच्या माहेरची मंडळी गोव्याहून आली. निरोपाच्या वेळी त्यांनी एक बाटली पुढे केली. तांबूस द्रव, आत बुडालेल्या काड्या. ‘दुक्षिरी आहे. पोट बिघडले तर चमचाभर घ्यावी,’ असे म्हणाले. ती काजूची फेणी होती! ज्या घराच्या उंबऱ्याआत मद्य कधी आले नाही, तेथे क्षणभर सारेच गप्प झाले. सासूबाईंनी बूच काढून वास घेतला आणि त्या उद्गारल्या, ‘अगं, ही तर आपली उपळसरी!’

खरेच होते. गोव्यात दुक्षिरी म्हणतात ती हीच वेल. तिची मुळे स्वच्छ धुऊन, सुकवून फेणीत कित्येक आठवडे मुरत ठेवतात आणि जाणती माणसे ती औषधासारखी बेताने घेतात. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणले. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मूळ मात्र आपल्याच मातीतले.

जावेने हळूच फडताळाकडे बोट दाखवले. तेथे द्राक्षासवाची बाटली होती. आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालून आंबवण होते आणि त्यातून मद्यार्क आपोआप निर्माण होतो, हे वैद्यांना ठाऊक असते. आपण मात्र ‘औषध’ म्हणून डोळे मिटतो. सासूबाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. ‘काय आहे ते मुलांना खरे सांगायचे. लपवले की त्याचीच ओढ लागते,’ एवढेच त्या म्हणाल्या.

मुरवण्याचे शास्त्र एकच, फरक द्रवाचा. सुगंधी तेले मद्यार्कात चटकन विरघळतात, पाण्यात कमी. म्हणून फेणीतला वास तीव्र आणि टिकाऊ, पाण्यातला सौम्य आणि अल्पायुषी. शार्ङ्गधराने पाण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. कुटलेले द्रव्य सहापट थंड पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळले, की तो ‘हिम’. चौपट गरम पाण्यात भिजवून गाळला, की ‘फांट’. उपळसरीला हिमच मानवतो. उकळले, की सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

आमचे प्रमाण असे : 50 ग्रॅम मुळे माती जाईपर्यंत धुवावीत, पण साल काढू नये, वास सालीतच असतो. ती ठेचून 300 मिलिलिटर पाण्यात झाकून रात्रभर ठेवावीत. सकाळी अर्धा किलो साखरेचा थोड्या पाण्यात पाक करावा आणि तो निवल्यावरच गाळलेला हिम व एका लिंबाचा रस त्यात मिसळावा. फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवावे. चांदीच्या पेल्याची गरज नाही; मातीचे भांडे पुरे.

एक इशारा आवश्यक. मुरवणे निराळे आणि घरी भट्टी लावणे निराळे. घरच्या भट्टीची दारू बेकायदेशीर तर आहेच. परंतु तीत विषारी द्रव्य उतरले तर दृष्टी आणि प्राण दोन्ही जातात. त्या वाटेला कोणीही जाऊ नये. औषधे चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे मूळदेखील वैद्यांना विचारूनच घ्यावे.

अलीकडे मात्र निराळीच काळजी लागली आहे. बाजारात अनंतमूळ म्हणून दुसऱ्याच वेलींची मुळे गळ्यात मारली जातात. मोडून वास घेतल्याशिवाय घेऊ नयेत. आणि खरी वेल कमी का होते? पान खुडले तर पुन्हा फुटते, मूळ खणले की वेलच संपते. आम्ही सुगंध घेत राहिलो. परत काहीच दिले नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी मुळाचे दोन तुकडे सटात न टाकता कुंडीत लावले. एक कुजला, दुसऱ्याला पालवी फुटली. मूळ जाड व्हायला दोन-तीन वर्षे तरी लागतील. ‘तोवर मी असेन-नसेन,’ त्या म्हणाल्या, ‘पण काढाल तेव्हा अर्धेच काढा. अर्धे मातीत राहू द्या.’

मुरवणे म्हणजे वाट पाहणे. वाचकभगिनींनो, यंदा सट खाली उतरवाल तेव्हा एक तुकडा कुंडीतही लावा.