इंडक्शनच्या काचेवर रेघ कशाने पडते?



आपल्याकडे बऱ्याच घरी गॅसशेजारी आता इंडक्शन आलं आहे. कुणी सिलिंडर जास्त दिवस पुरावा म्हणून घेतलं, तर कुणी गटातून कर्ज काढून घेतलं. कर्जाचे हप्ते फिटायच्या आत काचेवर रेघा दिसल्या की जीव चुटपुटणारच. मग दोन प्रश्न हमखास येतात. "भांडी स्टीलची, मग रेघ पडली कशी?" आणि "आता शेगडी बंद पडेल का?"

दोष रेतीचा

कोणता दगड कोणाला खरवडतो, हे पाहून फ्रेडरिक मोह्स या शास्त्रज्ञाने 1812 साली 1 ते 10 असे क्रमांक ठरवले. सगळ्यात मऊ शंखजिरे 1 वर आणि हिरा 10 वर. यात मीठ सुमारे अडीचवर येतं, इंडक्शनची काच साधारण 6 वर आणि रेतीतला गारेचा कण 7 वर. म्हणजे मीठ आणि पांढरी रेती दिसायला सारखी असली, तरी मिठाचा दाणा काचेवर चुरडतो आणि रेतीचा दाणा काचच खरवडतो.

आपल्या वसईत रेतीला काय तोटा! अर्नाळा, राजोडी, भुईगाव, रानगाव अशा किनाऱ्याच्या गावांत ती वाऱ्याने आणि पायांनी घरात येते. बाहेर जमिनीवर भांडी घासताना ओल्या तळाला ती चिकटते. तिसऱ्या धुतलेल्या पातेल्यातही ती उरते. तेच भांडं काचेवर ठेवून सरकवलं की रेघ पडली म्हणून समजा.

म्हणून दोन सवयी लावून घ्या:

1. भांडं ठेवण्याआधी त्याच्या तळावरून ओलं फडकं फिरवा. काच थंड असताना तीही पुसा.
2. भांडं उचलून ठेवा आणि उचलूनच काढा. कुकर जड असतो, म्हणून आपण तो ओढतो. दोन्ही हातांनी उचला. तवाही काचेवर फिरवू नका.

ओटा लहान, म्हणून इंडक्शनचं टेबल होतं

चाळीतल्या खोलीत ओटा दीड हाताचा. मग इंडक्शनवरच परात ठेवायची, डबे ठेवायचे, भाजीही तिथेच चिरायची. जास्त रेघा अशाच वेळी पडतात. काम झालं की प्लग काढा, काच निवू द्या आणि वर जुन्या गोधडीचा स्वच्छ तुकडा अंथरा. चालू करण्याआधी तो न विसरता काढा. गरम भांड्याखाली कापड, वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक ठेवायचं नाही. ते जळू शकतं. हवा जाण्याच्या जाळ्याही मोकळ्या हव्यात.

प्रत्येक रेघ ही रेघ नसते

थंड काचेवरून नख फिरवा. नख अडकलं तर खरा ओरखडा आहे, तो निघणार नाही. नख अडकलं नाही आणि डाग करडा, चकचकीत दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो भांड्याच्या तळाचा ॲल्युमिनियम काचेला लागलेला असतो. प्लग काढा, खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा आणि मऊ फडक्याने हलकेच चोळा. मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. तारेची घासणी, राख आणि खरखरीत पावडर काचेपासून लांब ठेवा. साखरेचा पाक सांडला तर लगेच बंद करून, हात सांभाळून जाड ओल्या फडक्याने पुसा. पाक थंड झाला की काचेला घट्ट धरतो आणि ओढून काढताना काचेचा टवकाही उडू शकतो.

रेघ चालेल, तडा चालणार नाही

इंडक्शनमध्ये काच तापून अन्न शिजत नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याने भांड्याचा तळ तापतो. काच भांड्याच्या आचेने गरम होते, तिचं काम फक्त भांडं पेलायचं. म्हणून बारीक रेघेने शेगडी बंद पडत नाही. वापरत राहा.

तडा गेला तर मात्र गोष्ट वेगळी. उतू गेलेलं दूध किंवा पाणी त्यातून आत विजेपर्यंत पोचतं आणि शॉक बसू शकतो. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग कोरड्या हाताने प्लग काढा. काच बदलेपर्यंत शेगडी लावू नका. चिकटपट्टी किंवा गोंद लावून काम भागवू नका. "आजच्या दिवस चालेल" म्हणत जिवाशी खेळ नको.

ही काच उष्णता सोसणारी असते, पण टोकदार किंवा जड वस्तूचा घाव तिला सोसत नाही. शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर मसाल्याच्या बरण्या आणि खलबत्ता ठेवू नका. नारळही तिच्या शेजारी ओट्यावर फोडू नका, खाली बसून फोडा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. रोजच्या भांड्यांच्या तळावरून अंगठा फिरवून बघा. कुठे खरखर लागली तर भांडं धुऊन पुन्हा बघा. खरखर तरीही लागली, तर ते भांडं गॅसवर वापरा. आणि पुढच्या बैठकीत आपल्या गटात कुणाच्या काचेला तडा गेलाय का, ते नक्की विचारा. घाबरून किंवा खर्चाच्या भीतीने ती बाई गप्प बसलेली असू शकते.

– तुमची क्षेत्र समन्वयक, वसई