व्यसनमुक्तीच्या काळातील नैराश्य आणि योगोपचाराचे स्थान

मद्य किंवा अन्य मादक द्रव्य सुटले म्हणजे रोगी बरा झाला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः द्रव्य शरीरातून निघून जाण्यास बहुधा काही दिवस पुरे होतात. त्याने जीवनात व्यापलेली जागा भरून निघण्यास मात्र महिने, प्रसंगी वर्षे लागतात. या मधल्या काळात झोप उडते, कशातही गोडी उरत नाही, गतवर्तनाची लाज मनास पोखरते आणि पुष्कळ रोग्यांत या अवस्थेला नैराश्यविकाराचे रूप येते. ते असह्य होऊन रोगी पुन्हा द्रव्याकडे वळतो आणि द्रव्य नैराश्यात भर घालते. हे दोन विकार एकत्र आले असता आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणूनच येथे योगोपचाराचा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहत नाही. योगाने व्यसन जाते काय, असे विचारण्यापेक्षा योग कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात आणि कोणत्या उपचारांच्या जोडीने द्यावा, असे विचारणे अधिक फलदायी होय.

योगाचा उपचार म्हणून शास्त्रीय विचार करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांचे शारीरिक परिणाम प्रयोगांनी तपासण्यास आरंभ केला. पुढे १९६३ साली त्यांनी व डॉ. विनेकर यांनी लिहिलेल्या योगोपचारविषयक इंग्रजी ग्रंथात उपचाराची तीन अंगे मांडली आहेत: योग्य मनोवृत्तींची जोपासना, स्नायू, मज्जासंस्था व ग्रंथी यांना नवे वळण लावणे, आणि योग्य आहार व मलशुद्धी. आसने व प्राणायाम ही या त्रयीतील एका अंगाची साधने होत. आज योगोपचार म्हणजे आसनांची यादी असे जे समीकरण रूढ झाले आहे, ते या मूळ विचाराशी जुळत नाही.

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाबरोबर येणाऱ्या लक्षणांमध्ये दुःख व दौर्मनस्य यांच्या जोडीला अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता यांचीही गणना केलेली आहे. मद्य सोडणाऱ्या रोग्याकडे पाहताना या गणनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि सूत्रकारासमोर साधक होता, रुग्ण नव्हता. म्हणून या साम्यावरून निदान काढणे उचित ठरणार नाही. मनाची अवस्था देहात व श्वासात उमटते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

या बोधास आधुनिक शरीरशास्त्राची काही पुष्टी मिळते. श्वसन ही आपोआप चालणारी, तरीही इच्छेने बदलता येणारी क्रिया आहे. मिनिटास सुमारे सहा इतक्या संथ गतीने श्वसन केले असता हृदयगतीतील स्वाभाविक चढउतार वाढतात व देहाची क्षुब्धता उतरते. दुसरा दुवा मेंदूतील रसायनांचा आहे. ‘गाबा’ हे द्रव्य मज्जापेशींची उत्तेजना आवरते. मद्य त्याचा परिणाम वाढवते. मेंदू त्या आधारास सरावतो. आणि मद्य बंद होताच आवर सुटून कंप, निद्रानाश व भीती उद्भवतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाभराच्या आसनाभ्यासानंतर ८ अनुभवी अभ्यासकांच्या मेंदूतील गाबाचे प्रमाण सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. तितकाच वेळ वाचन केलेल्या ११ व्यक्तींत अशी वाढ दिसली नाही. हा अभ्यास फार लहान असून तो निरोगी व्यक्तींवर झालेला आहे. त्यातून संशोधनाची दिशा सुचते. उपचाराचे प्रमाण मिळत नाही.

मानसिक पातळीवर योगाचे कार्य अधिक स्पष्टपणे सांगता येते. द्रव्याची ओढ लाटेसारखी चढते आणि तिला बळी न पडल्यास काही वेळाने ओसरते. रोग्याचा अनुभव मात्र असा असतो की, ओढ आली म्हणजे कृती घडलीच. श्वासाकडे व देहातील संवेदनांकडे स्थिरपणे पाहण्याचा अभ्यास ओढ व कृती यांमध्ये थोडे अंतर निर्माण करतो. त्या अंतरातच नकार देणे, घराबाहेर पडणे किंवा कोणाला हाक मारणे शक्य होते. नैराश्यात अडचण वेगळी असते. तेथे इच्छा होईल तेव्हा कृती करू असे म्हणत राहिल्यास कृती कधीच घडत नाही. ठरावीक वेळी, ठरावीक जागी, चार सोप्या हालचालींनी आरंभ केल्यास इच्छेची वाट न पाहता दिवसाला बांधणी येते. या दृष्टीने आसनाच्या परिपूर्णतेपेक्षा त्याच्या नियमिततेला अधिक मोल आहे.

प्रत्यक्ष पुरावा आशादायक, पण मर्यादित आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र विषादाच्या ४५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. चार आठवड्यांनंतर विद्युत्-उपचाराच्या गटात ९३, इमिप्रामिन या औषधाच्या गटात ७३ आणि सुदर्शन क्रिया या श्वसनपद्धतीच्या गटात ६७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. त्याच संस्थेने २००६ साली ६० मद्यावलंबी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका आठवड्याच्या विषनिवारणानंतर दोन आठवडे हीच पद्धती शिकविलेल्या गटात नैराश्य व कॉर्टिसोलचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा अधिक घटले. उलट, अमेरिकेत १९९७ साली मेथाडोन घेणाऱ्या रुग्णांमध्ये हठयोगाची तुलना सामूहिक मानसोपचाराशी केली असता दोहोंत लक्षणीय भेद दिसला नाही. नैराश्यावरील १२ चाचण्यांचे व ६१९ रुग्णांचे एकत्र परीक्षण २०१३ साली झाले. त्यातही अल्पकालीन लाभ आढळला, परंतु अनेक चाचण्यांची रचना सदोष होती.

या सर्वांवरून उपचाराचा क्रम ठरविता येतो. पहिला टप्पा वैद्यकाचा आहे. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याने ते अकस्मात सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास जीवघेणा उन्माद उद्भवू शकतो. येथे औषधे, थायमिन व देखरेख हाच उपचार होय. योगाने त्यांची जागा घेणे घातक आहे. देह स्थिरावल्यावर दुसऱ्या टप्प्यात शवासन, सुलभ हालचाली व सहज संथ श्वसन यांना आरंभ करावा. मद्यजन्य नैराश्य काही आठवड्यांच्या संयमानंतर पुष्कळदा ओसरते. चार आठवड्यांनंतरही ते टिकल्यास स्वतंत्र विकार म्हणून त्याचा विचार व्हावा. आत्महत्येचे विचार असल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये. तिसरा टप्पा दीर्घ सोबतीचा आहे. त्यात समुपदेशन, कुटुंबीयांचा सहभाग, समदुःखी व्यक्तींचा गट आणि दैनंदिन योगाभ्यास ही एकमेकांस पूरक ठरतात. पुणे येथे १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राचे कार्य अशा बहुअंगी पद्धतीचे परिचित उदाहरण होय.

पथ्ये तितकीच महत्त्वाची आहेत. यकृत निकामी होऊन अन्ननलिकेतील शिरा फुगल्या असल्यास पोटावर दाब आणणाऱ्या क्रिया व विपरीत आसने वर्ज्य करावीत. मद्याने पायांच्या मज्जा क्षीण झाल्या असल्यास तोलाची आसने भिंतीच्या आधारानेच करावीत. कपालभाती व भस्त्रिका यांसारखे वेगवान श्वसन भीतीचे झटके, अपस्मार किंवा उन्मादाचा पूर्वेतिहास असणाऱ्यांस देऊ नये. तीव्र नैराश्यात डोळे मिटून दीर्घकाळ बसविल्यास मन त्याच त्या विचारांत बुडण्याचा संभव असतो. अशा वेळी उघड्या डोळ्यांची, हालचालीची साधनेच बरी.

अतिरंजित दाव्यांपासून होणारी हानी दुहेरी असते. एक तर रोगी औषधे सोडतो. आणि दुसरे, व्यसन उलटले की ‘साधनेत कमी पडलो’ या नव्या अपराधभावनेची भर पडते. व्यसनाचे उलटणे हा या विकाराच्या वाटचालीतील नेहमीचा धोका आहे. त्याला साधकाचे पाप मानल्यास पुन्हा आरंभ करण्याचे बळच नाहीसे होते. यास्तव योगशिक्षक, मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांनी परस्परांशी विचारविनिमय करून एकाच योजनेत काम करणे अगत्याचे आहे. संशोधकांपुढे मोठी तुलनात्मक चाचणी, वर्षभराचा पाठपुरावा, स्त्री-रुग्णांचा समावेश आणि अभ्यास सोडून गेलेल्यांची प्रामाणिक नोंद ही कामे उरली आहेत. ती होईपर्यंत योगास रामबाण न म्हणता सहायक उपचार म्हणणे हेच शास्त्रास व रुग्णाच्या हितास धरून होईल.